चौकोनाचे पाचवे माप

नागपूर बेसा, हुडकेश्वर, नरसाळा या दिशांनी वाढत गेले, तसा माझ्याकडे येणाऱ्या एका विशिष्ट प्रश्नाचा ओघही वाढत गेला. मी शाळेत गणित शिकवतो. त्यामुळे नात्यातली, ओळखीतली माणसे आणि जुन्या विद्यार्थ्यांचे पालक वहीच्या पानावर एक वाकडा चौकोन काढून आणतात, त्याच्या चार बाजूंवर चार आकडे लिहिलेले असतात आणि 'याचे चौरस फूट किती होतात तेवढे सांगून द्या' अशी विनंती असते. मी कर्ण, म्हणजे समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांमधले तिरपे अंतर, विचारला की समोरची व्यक्ती थोडी नाराज होते. "चारही बाजू तर मोजून आणल्या ना सर, आता अजून काय पायजे?" हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला आहे की त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहून ठेवणे मला सोयीचे वाटते.

लेआऊटच्या मधोमध असलेल्या तीस बाय पन्नासच्या प्लॉटांबद्दल कोणी विचारायला येत नाही, कारण तेथे लांबी गुणिले रुंदी एवढ्यावर काम भागते. अडचण येते ती कडेच्या प्लॉटांची. शेताचे तुकडे पाडून लेआऊट टाकताना रस्ते सरळ आखले जातात, पण मूळ खसऱ्याची (सर्व्हे नंबरच्या शेताची) धुरा, म्हणजे बांध, सरळ नसते. कुठे नाला वळण घेतो, कुठे रेल्वेलाइन तिरपी जाते, आणि ओळीतल्या शेवटच्या प्लॉटला उरलेला वाकडेपणा पदरात घ्यावा लागतो. असे प्लॉट दरात थोडे कमी पडतात म्हणून लोक घेतात, आणि मग त्यांच्या क्षेत्रफळाचा हिशेब सुरू होतो.

चर्चेसाठी एक कल्पित प्लॉट घेऊ. त्याची रस्त्याकडची बाजू ४० फूट, मागची ३० फूट, उजवी ५० फूट आणि डावी ६० फूट आहे. बहुतेक जण असा हिशेब करतात की समोरची आणि मागची यांची सरासरी ३५, उजवी आणि डावी यांची सरासरी ५५, म्हणून ३५ गुणिले ५५ म्हणजे १,९२५ चौरस फूट. ही पद्धत सोपी आहे, तोंडी करता येते आणि ती न्याय्य असल्यासारखीही वाटते, कारण सरासरी काढली की कमीजास्त आपोआप भरून निघते असा आपला समज असतो. तो समज येथे लागू पडत नाही, हे थोड्या वेळाने दाखवतो. त्याआधी या पद्धतीचे वय सांगितले पाहिजे, कारण ते थक्क करणारे आहे. इजिप्तमध्ये एडफू येथे होरस देवाचे टॉलेमी राजांच्या काळातील मंदिर आहे. त्याच्या भिंतींवर देवस्थानाच्या जमिनींची यादी कोरलेली असून तीत शेतांच्या चार-चार बाजू आणि त्यांची क्षेत्रफळे दिली आहेत, आणि ती क्षेत्रफळे नेमकी याच रीतीने, म्हणजे समोरासमोरील बाजूंच्या सरासरींचा गुणाकार करून काढलेली आहेत. शेत त्रिकोणी असेल तर चौथी बाजू 'काही नाही' असे मानून तेच सूत्र लावले आहे. म्हणजे आपल्याकडचा प्रॉपर्टी डीलर मोबाईलवर जो हिशेब करून दाखवतो, तो किमान दोन हजार वर्षांचा आहे. आपल्याकडेही तो जुनाच आहे. गणितज्ञ ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये लिहिलेल्या 'ब्राह्मस्फुटसिद्धान्त' या ग्रंथात हे सूत्र दिले आहे, मात्र त्याला स्पष्टपणे 'स्थूल' (ढोबळ) फल, म्हणजे क्षेत्रफळ, म्हटले आहे, आणि त्याच श्लोकात पुढे 'सूक्ष्म' (अचूक) फलाचे सूत्रही सांगितले आहे. त्या सूक्ष्म सूत्राकडे मी नंतर येतो.

आता मूळ हरकत. चार बाजू माहीत असल्या तरी चौकोन ठरत नाही. वर्गात हे दाखवण्यासाठी मी बांबूच्या चार कामट्या टोकांशी टाचण्यांनी जोडून देतो. एक कामटी टेबलावर दाबून धरली आणि समोरची कामटी बाजूला ढकलली की आकार झोपत जातो, चारही लांब्या जशाच्या तशा राहतात आणि आतली जागा मात्र आक्रसत जाते. तीन कामट्यांचा त्रिकोण असा हलत नाही. तीन बाजू दिल्या की त्रिकोण एकच बनतो, म्हणून त्याचे क्षेत्रफळही एकच असते आणि हीरोच्या सूत्राने (बाजूंची अर्धी बेरीज आणि तीतून एकेक बाजू वजा करून आलेल्या तीन संख्या, या चारांच्या गुणाकाराचे वर्गमूळ) ते काढता येते. चौकोनाला ही स्थिरता नाही, आणि ती आणण्यासाठी आणखी एक माप लागते.

आपल्या प्लॉटचे कोपरे समोरच्या डाव्या कोपऱ्यापासून क्रमाने अ, ब, क, ड मानू; म्हणजे अब ४०, बक ५०, कड ३० आणि डअ ६० फूट. अ पासून क पर्यंतचा कर्ण जर ७० फूट भरला, तर प्लॉटचे दोन त्रिकोण होतात. पहिल्याच्या बाजू ४०, ५०, ७०. त्यांची अर्धी बेरीज ८०, आणि ८० × ४० × ३० × १० याचे वर्गमूळ सुमारे ९८०. दुसऱ्याच्या बाजू ७०, ३०, ६०. अर्धी बेरीज पुन्हा ८०, आणि ८० × १० × ५० × २० याचे वर्गमूळ सुमारे ८९४. एकूण सुमारे १,८७४ चौरस फूट. तोच कर्ण ८० फूट भरला असता, तर याच रीतीने ८१८ आणि ७६४ मिळून सुमारे १,५८३ चौरस फूट आले असते. चारही बाजू त्याच आहेत, वहीच्या पानावरचे चारही आकडे तेच आहेत, आणि क्षेत्रफळात जवळजवळ तीनशे चौरस फुटांचे अंतर पडले आहे. 'आता अजून काय पायजे' याचे उत्तर हेच की एक कर्ण पाहिजे, आणि तो नसेल तर विचारलेल्या प्रश्नाला उत्तरच नाही.

हे सर्वांत झणझणीत शब्दांत भास्कराचार्यांनी सांगितले आहे. शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ मध्ये जन्मलेल्या आणि सह्याद्रीच्या परिसरातल्या विज्जलविडाचे म्हणून स्वतःची ओळख देणाऱ्या या गणितज्ञाने 'लीलावती'मध्ये चौकोनाच्या प्रकरणात मध्येच थांबून म्हटले आहे की लंब किंवा कर्ण यांपैकी एकही न सांगता जो चौकोनाचे निश्चित फल विचारतो तो पिशाच असला पाहिजे, आणि जो त्याचे उत्तर देतो तो तर त्याहूनही मोठा पिशाच: 'स पृच्छकः पिशाचो वा वक्ता वा नितरां ततः'. शिक्षकाच्या पेशात राहून मला हे वाक्य विचारणाऱ्याला ऐकवता येत नाही. परंतु त्याचा दुसरा भाग, म्हणजे उत्तर देणाऱ्याविषयीचा, मी स्वतःसाठी लक्षात ठेवला आहे.

भास्कराचार्य केवळ रागावून थांबत नाहीत, उदाहरणेही देतात, आणि ती फार विचारपूर्वक निवडलेली आहेत. चारही बाजू २५ असलेला चौकोन घ्या, असे ते सुचवतात. त्याचा एक कर्ण ३० मानला तर दुसरा ४० येतो आणि फल ६००. एक कर्ण १४ मानला तर दुसरा ४८ येतो आणि फल ३३६. आणि दोन्ही कर्ण समान असतील तर तो चौरस होऊन फल ६२५. वर्गमुळांची कटकट टाळून पूर्णांकांत हे तिन्ही दाखवता यावे म्हणून २५ ही संख्या घेतली असावी, असे मला वाटते, कारण १५-२०-२५ आणि ७-२४-२५ हे दोन्ही काटकोन त्रिकोण तिच्या पोटात आहेत. आठवीच्या वर्गात समभुज चौकोनाचे सूत्र, म्हणजे कर्णांच्या गुणाकाराचे निम्मे, पाठ करून घेतले जाते. त्यासोबत हे एक उदाहरण फळ्यावर सोडवले तर सूत्रात बाजू का येत नाही आणि कर्णच का येतात, हे मुलांना वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

दुसरे उदाहरण प्लॉटवाल्यांच्या अधिक उपयोगाचे आहे. भूमी (पाया) १४, मुख (तिच्या समोरची समांतर बाजू) ९, बाजू १३ आणि १२, आणि लंब १२ असा समलंब चौकोन त्यांनी घेतला आहे. ज्याला आपण गोमुखी प्लॉट म्हणतो, म्हणजे समोर निमुळता आणि मागे रुंद, त्याची ही आकृती समजण्यास हरकत नाही. सरासरीच्या स्थूल रीतीने याचे फल १४३.७५ येते. ब्रह्मगुप्ताच्या सूक्ष्म सूत्राने, म्हणजे चार बाजूंच्या अर्ध्या बेरजेतून प्रत्येक बाजू वजा करून आलेल्या चार संख्यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ घेऊन, १९,८०० चे मूळ, म्हणजे १४१ ला किंचित कमी येते. आणि समांतर बाजूंच्या बेरजेच्या निम्म्याला लंबाने गुणून खरे फल १३८ येते. एकाच आकृतीची ही तीन उत्तरे शेजारी शेजारी ठेवली की कोणती रीत किती वाहवत जाते ते दिसते.

या उदाहरणात एक बारकावा आहे. लंब १२ दिला नसता, परंतु १४ आणि ९ या बाजू समांतर आहेत एवढेच सांगितले असते, तरीही उत्तर काढता आले असते. कारण एक तिरपी बाजू सरकवून दुसरीला भिडवली की १३, १२ आणि १४ वजा ९ म्हणजे ५ अशा बाजूंचा त्रिकोण तयार होतो, तो ठरलेला असतो, आणि त्याची उंची हाच चौकोनाचा लंब असतो. म्हणजे 'या दोन बाजू समांतर आहेत' ही माहितीच तेथे पाचव्या मापाचे काम करते. शाळेत शिकवलेली सगळी सूत्रे या दृष्टीने पाहिली तर प्रत्येकात अशी एक गुपचूप दिलेली पाचवी गोष्ट सापडते. आयतात ती काटकोनाच्या रूपात असते, पतंगाच्या आकृतीत कर्णांच्या रूपात, समांतरभुज चौकोनात उंचीच्या रूपात. समांतरभुज चौकोनात केवळ समांतरपणा मात्र पुरत नाही, कारण समोरासमोरच्या बाजूंत फरकच नसल्यामुळे वर सांगितलेला त्रिकोण तयार होत नाही. म्हणून तेथे पाया गुणिले उंची लागते, पाया गुणिले तिरपी बाजू नाही. परीक्षेत मुले सर्वांत जास्त गुण येथे घालवतात, आणि मोठी माणसे पैसे.

आता ब्रह्मगुप्ताचे सूक्ष्म सूत्र. भास्कराचार्यांनी ते चौकोनासाठी 'अस्फुट' (नेमके नसलेले) आणि त्रिकोणासाठीच स्पष्ट ठरवले, आणि वरच्या उदाहरणात ते चुकतेही. तरी मला ते टाकून द्यावेसे वाटत नाही. ज्या चौकोनाचे चारही कोपरे एका वर्तुळावर येतात त्याच्यासाठी ते तंतोतंत खरे आहे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे दिलेल्या चार बाजूंपासून होणाऱ्या सर्व चौकोनांत सर्वांत मोठे क्षेत्रफळ याच चक्रीय चौकोनाचे असते. बाकीच्या चौकोनांसाठी त्यातून किती वजा करायचे हे सांगणारे सूत्र जर्मन गणितज्ञ ब्रेटश्नायडर यांनी १८४२ मध्ये दिले. त्यात समोरासमोरच्या दोन कोनांची बेरीज लागते, म्हणजे पाचवे माप तेथेही सुटत नाही. परंतु चार बाजूंवरून 'जास्तीत जास्त किती' एवढे ब्रह्मगुप्ताचे सूत्र नक्की सांगते. आपल्या प्लॉटच्या बाजूंची अर्धी बेरीज ९० आहे. तीतून बाजू वजा केल्यास ५०, ४०, ६० आणि ३० उरतात, त्यांचा गुणाकार ३६,००,००० आणि त्याचे वर्गमूळ सुमारे १,८९७. म्हणजे कोपरे कसेही ओढले, कर्ण कितीही मानला, तरी या चार बाजूंत १,८९७ चौरस फुटांहून अधिक जागा मावूच शकत नाही. आणि सरासरीच्या रीतीने आलेला आकडा १,९२५ होता! जगात अस्तित्वातच येऊ न शकणाऱ्या अठ्ठावीस चौरस फुटांची किंमत खरेदीदार मोजणार होता. आणि कर्ण ७० भरला असेल तर प्रत्यक्षाहून सुमारे एक्कावन्न चौरस फूट जास्तीची. दर चौरस फुटाला ३,००० रुपये धरला तर ही रक्कम दीड लाखाच्या वर जाते.

सरासरीची रीत कधी जास्त तर कधी कमी दाखवत असेल, असे मानायलाही जागा नाही. ती कमी कधीच दाखवत नाही. सिद्धता इतकी छोटी आहे की येथेच देतो. दोन बाजूंमधील त्रिकोणाचे क्षेत्रफळ त्या बाजूंच्या गुणाकाराच्या निम्म्याहून अधिक नसते, आणि त्यांच्यात काटकोन असेल तरच ते बरोबर निम्मे असते. चौकोन आधी एका कर्णाने कापा, मग पुन्हा अखंड घेऊन दुसऱ्या कर्णाने कापा. असे चार त्रिकोण मिळतात आणि त्यांची बेरीज चौकोनाच्या दुप्पट असते. ही बेरीज लगतच्या बाजूंच्या चार गुणाकारांच्या बेरजेच्या निम्म्याहून अधिक असू शकत नाही, आणि त्या चार गुणाकारांची बेरीज म्हणजे समोरासमोरच्या एका जोडीची बेरीज गुणिले दुसऱ्या जोडीची बेरीज. निम्मे पुन्हा निम्मे केले की सरासरींचा गुणाकार मिळतो. म्हणून प्लॉट आयत असेल तर ही रीत बरोबर उत्तर देते आणि इतर सर्व वेळी जास्त देते. विकणाऱ्याला ती प्रिय असण्याचे दुसरे काही कारण शोधण्याची गरज नाही. एडफूच्या शेतांवर सारा बसत असेल तर तेथेही ती कोणाच्या सोयीची होती, हे उघड आहे.

कर्ण मोजण्याचे महत्त्व समजण्यासाठी नागपूरकरांना फार लांब जावे लागत नाही. आपल्या झिरो माईलच्या खांबाजवळच्या दगडावर जी. टी. एस. ही अक्षरे आहेत. ती ज्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची आहेत, त्याची सुरुवात विल्यम लॅम्ब्टन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ एक पायारेषा मोजून केली आणि ते काम उत्तरेकडे आणत असताना १८२३ मध्ये हिंगणघाट येथे त्यांचा मृत्यू झाला. सगळा देश मोजायला त्यांनी त्रिकोणांचीच साखळी घेतली, कारण एक बाजू आणि कोन माहीत झाले की त्रिकोण पक्का होतो आणि पुढच्या त्रिकोणाला टेकायला जागा मिळते. प्लॉटच्या चौकोनात कर्ण टाकणे म्हणजे तेच काम घराच्या अंगणापुरते करणे होय.

प्रत्यक्षात कर्ण मोजण्याच्या दोन रीती आहेत. जागा मोकळी असेल तर टेप सरळ अ पासून क पर्यंत ताणावी आणि ती ताणलेलीच ठेवून उरलेल्या दोन कोपऱ्यांपासून तिच्यापर्यंतचे लंब गुण्या (गवंड्याचा काटकोन) लावून मोजावेत. आपल्या प्लॉटमध्ये हे लंब सुमारे २८ फूट आणि २५ फूट ७ इंच भरतील. त्यांच्या बेरजेला कर्णाच्या निम्म्याने, म्हणजे ३५ ने, गुणले की सुमारे १,८७५ येतात आणि वर्गमूळ काढावेच लागत नाही. येथे एक सावधगिरी हवी. २५ फूट ७ इंच हे माप कागदावर '२५.७' असे लिहिले जाते आणि हिशेब करणारा ते पंचवीस दशांश सात समजून गुणाकार करतो, वास्तविक ते २५.५८ आहे, इंच दशांशात आणण्यासाठी त्यांना बाराने भागावे लागते. २५ फूट ११ इंच ('२५.११') आणि २५ फूट १ इंच ('२५.१') यांचा गोंधळ तर याहून मोठा होतो.

मध्ये जुने घर, विहीर किंवा चिंचेचे झाड असेल तर कर्ण ओढता येत नाही. अशा वेळी ब या कोपऱ्यापासून दोन्ही बाजूंवर दहा-दहा फुटांवर खुणा कराव्यात आणि त्या दोन खुणांमधील अंतर मोजावे. ते अंतर दहाने भागून त्याचा वर्ग करावा, त्याला दोन्ही बाजूंच्या गुणाकाराने गुणावे आणि त्यात बाजूंच्या फरकाचा वर्ग मिळवावा. येणारी संख्या म्हणजे कर्णाचा वर्ग. आपल्या उदाहरणात खुणांमधील अंतर १५ फूट ६ इंच भरेल. १.५५ चा वर्ग २.४०२५, गुणिले २,००० म्हणजे ४,८०५, अधिक फरकाचा वर्ग १००, एकूण ४,९०५, आणि त्याचे वर्गमूळ ७० ला लागूनच आहे. मात्र हे छोटे अंतर काळजीपूर्वक घ्यावे लागते, कारण त्यात एक इंच चुकला तर कर्णात चार इंचांहून अधिक फरक पडतो आणि क्षेत्रफळात सुमारे चार चौरस फुटांचा. शक्य असेल तर दहाऐवजी वीस फुटांवर खुणा कराव्यात (मग भागायचेही विसानेच), म्हणजे हा दोष निम्म्यावर येतो.

मोबाईलवरील नकाशावर बोट टेकवून कोपरे निवडणारी ॲप आता अनेकांकडे असतात. पाच एकर शेतासाठी ती ठीक आहेत. चाळीस फुटांच्या प्लॉटसाठी मी ती वापरत नाही, कारण बोटाने कोपरा टिपताना काही फुटांची चूक सहज होते. भूमी अभिलेख खात्याचा भूकरमापक रोव्हर (उपग्रहांच्या साहाय्याने अचूक मोजणी करणारे यंत्र) घेऊन येतो ते वेगळे, आणि त्याने दिलेली 'क' प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, हाच कायदेशीर आधार. आपण घरी केलेला हिशेब इसार देण्यापूर्वी स्वतःची खात्री करून घेण्यासाठी आहे, मोजणीला पर्याय म्हणून नाही.

एक कोपरा आत शिरलेला असेल तर कोणता कर्ण प्लॉटच्या आतून जातो ते पाहून तोच घ्यावा. तसा नसेल तर दोन्ही कर्ण मोजावेत, असा माझा आग्रह असतो. पाच मापांनी उत्तर मिळते आणि सहाव्याने ते तपासता येते. आपल्या प्लॉटचा ब पासून ड पर्यंतचा दुसरा कर्ण ५९ फूट ५ इंचांच्या आसपास यायला हवा, आणि त्यावरून होणाऱ्या दोन त्रिकोणांची क्षेत्रफळे सुमारे १,१२५ आणि ७४९, म्हणजे बेरीज पुन्हा १,८७४. दोन्ही कर्णांनी आलेली उत्तरे आठ-दहा चौरस फुटांच्या आत जुळली तर मापे विश्वासार्ह मानावीत. त्याहून जास्त फरक आला तर सहाही मापे पुन्हा घ्यावीत, आणि सुरुवात तारेच्या कुंपणाच्या बाजूपासून करावी, कारण खांब रोवताना हद्दीच्या आतबाहेर सरकलेले असतात आणि टेप धरणारा मूळ खुणेऐवजी खांबालाच टेप टेकवतो.